रक्षक पेशी आणि मेंदूचा ऱ्हास

किल्ल्याचे तट कितीहि भक्कम असले, तरी शत्रु पहारेकऱ्याच्या अंगरख्यांत दडून आंत आला, तर ते तट काय कामाचे? मनुष्याच्या मेंदूंत असाच एक प्रकार घडतो. तो नीट समजल्यास एका मोठ्या रोगाविषयींचें भय व अज्ञान हीं दोन्हीं कमी होतील, या हेतूनें आम्ही ही माहिती येथें देत आहों.

इ. स. १९८३ मध्यें पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत एच्. आय्. व्ही. हा विषाणु प्रथम सांपडला. तो शरीराच्या रक्षक पेशींवरच हल्ला करतो, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु उपचार न झाल्यास तो कित्येकांच्या बुद्धीचाहि ऱ्हास करतो, हें थोड्यांसच ठाऊक असतें. रोगी विसरूं लागतो, त्याचा विचार मंदावतो, चाल डळमळते, आणि घरच्या माणसांविषयींहि तो उदासीन होतो.

येथें एक आश्चर्य आहे. विचार करणाऱ्या मज्जापेशींत हा विषाणु बहुधा शिरतच नाहीं. मग त्या मरतात कशा? मेंदूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट विणीच्या असतात. रक्तांतील बहुतेक पदार्थांस त्यांतून आंत जातां येत नाहीं. परंतु कांहीं श्वेतपेशींस पहाऱ्यासाठीं आंत जाण्याची मुभा असते. विषाणु त्यांच्याच पोटांत बसून मेंदूंत पोंचतो.

मेंदूंत कायम वस्तीचेहि रक्षक आहेत. पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञानें इ. स. १९१९ मध्यें त्यांचें वर्णन करून त्यांस ‘मायक्रोग्लिया’ हें नांव दिलें. एरवीं या पेशी मृत भाग खाऊन मेंदू स्वच्छ ठेवितात. विषाणूनें ग्रासल्यावर मात्र त्या खवळतात, व शत्रूस मारण्याचीं विषारी द्रव्यें सतत बाहेर टाकूं लागतात. तीं द्रव्यें आणि विषाणूचीं प्रथिनें यांच्या माऱ्यानें शेजारच्या निरपराध मज्जापेशींच्या शाखा झडतात, व पुढें त्या पेशीहि मरतात. चोर धरण्यासाठीं घरालाच आग लावावी, तसें हें होय. मृत रोग्यांचे मेंदू तपासतांना शास्त्रज्ञांस असेंच दिसलें कीं, विषाणूंच्या संख्येपेक्षां खवळलेल्या रक्षक पेशींची संख्या बुद्धीच्या ऱ्हासाशीं अधिक जुळते.

इ. स. १९९६ च्या सुमारास अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सुरू झाली, आणि या ऱ्हासाचा तीव्र प्रकार विरळ झाला. सौम्य विस्मरण मात्र उपचार घेणाऱ्या कांहीं रोग्यांतहि आढळतें. कारण औषधांनीं विषाणु थोपतो, पण समूळ नष्ट होत नाहीं, व खवळलेल्या पेशी पूर्ण शांत होत नाहींत. म्हणून उपचार जितका लवकर, तितकें मेंदूचें रक्षण अधिक. भारतांत सरकारी केंद्रांतून हीं औषधें इ. स. २००४ पासून विनामूल्य मिळतात.

असें असतांहि लोकलज्जेस्तव माणसें रोग लपवितात, आणि तेवढा काळ विषाणूस फावतें. स्पर्शानें, एका पंक्तीस जेवल्यानें किंवा एका बांकावर बसल्यानें हा रोग लागत नाहीं. विद्यार्थ्यांस व पालकांस आमची विनंति एवढीच कीं, अशा रोग्यास दूर लोटूं नये. वेळेवर डॉक्टरांकडे जाण्याचें धैर्य त्यास द्यावें. त्याची बुद्धि व स्मृति राखण्यांत आपलाहि वांटा आहे.