पणजीतल्या निळ्या भिंतीवर वास्को द गामाची गोष्ट, पाटीवर नाव मात्र पोर्तुगीजांना विरोध करणाऱ्याचं

सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडची माणसं पणजीला जातात ती कामापुरती. कुणाचा पेशंट बांबोळीला असतो, कुणाची नोकरी तिकडे. गणपतीला बोरिवली-मुलुंडहून आलेले चाकरमानी गेले तर बीचवर जातात. आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत सहसा कुणी वळत नाही. वळलं पाहिजे. तिथल्या प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या रंगात रंगवलेल्या टाइल्सची मोठी चित्रं आहेत.

या टाइल्सना पोर्तुगीज लोक 'आझुलेजु' म्हणतात. त्यांच्या भाषेत निळ्याला 'आझुल' म्हणतात, म्हणून नाव तिथूनच आलं असेल असं वाटतं. पण तसं नाही. शब्द मूळ अरबी, अर्थ घासून गुळगुळीत केलेला दगड.

करण्याची जुनी पद्धत अशी. मातीची चौकोनी फरशी आधी भट्टीत भाजायची. तिच्यावर कथील मिसळलेल्या पांढऱ्या काचेचा लेप द्यायचा. तो सुकला की पावडरीसारखा कोरडा होतो आणि कुंचल्यातला रंग लगेच पिऊन टाकतो. चुकलेली रेघ पुसता येत नाही. निळा रंग कोबाल्टचा. लावताना तो मळकट दिसतो, खरा निळा दिसतो तो पुन्हा भाजल्यावर. मोठं चित्र असेल तर प्रत्येक फरशीच्या मागे नंबर टाकतात, नाहीतर जहाजाचं शीड भलतीकडेच लागायचं.

ही चित्रं 1935 सालची, जॉर्ज कुलासो या चित्रकाराची. आडनाव गोंयकाराचं वाटतं, पण माणूस जन्मला मोरोक्कोतल्या तांजिअरला, 1868 साली. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या साव बेंतु रेल्वे स्टेशनात त्याच्या सुमारे 20 हजार टाइल्स आहेत. लोक गाडी पकडायला येतात आणि बघत उभे राहतात.

पणजीतल्या भिंतींवरचे प्रसंग 'ओस लुझियादस' या काव्यातले आहेत. कवी कामोंइश स्वतः सोळाव्या शतकात गोव्यात राहून गेलेला. काव्य 1572 साली छापलं गेलं, नायक वास्को द गामा. गोष्ट अर्थातच जिंकणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली.

त्या काळी संस्थेचं नावही 'वास्को द गामा इन्स्टिट्यूट' होतं. ती 1871 साली सुरू झाली. चित्रं लागण्याआधी पाचच वर्षं, 1930 साली, लुईस द मिनेझिस ब्रागांझा या पत्रकाराने पणजीच्या विधिमंडळात उभं राहून गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला होता. 1938 साली ते गेले. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला आणि 1963 साली संस्थेला त्यांचंच नाव दिलं गेलं.

पाटी बदलली, टाइल्स तशाच राहिल्या. याच कामोंइशचा पुतळा मात्र उघड्यावरून हलवून जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये ठेवावा लागला. काही लोकांना या भिंतीही खटकतात, ते समजण्यासारखं आहे. पण फोडून टाकलं असतं तर पोर्तुगीज स्वतःबद्दल काय सांगत होते हे मुलांना दाखवायला काय उरलं असतं?

आता खरा शत्रू ओल. खाऱ्या हवेत भिंतीतलं मीठ टाइलच्या मागे साठतं, फुगतं आणि चकाकी पापुद्र्यासारखी उडते. कोकणातल्या जुन्या घरांत अशा टाइल्स असतील तर त्यांनाही हेच लागू. निघालेली टाइल सिमेंटने चिकटवू नका, ओल आत कोंडते. चुना बरा. आणि ॲसिडने धुऊ नका, ते सांध्यांतला चुना खातं.