‘तुंबाड’ पाहून आल्यावर

चित्रपट पाहून आल्यावर एकाच घरांतील सहा माणसांचीं सहा मतें व्हावीं, यांत नवल असें कांहीं नाहीं. नवल वाटलें तें याचें कीं, २०२४ सालच्या भाद्रपदांत एका चित्रपटावरून आमच्या घरीं जो वाद सुरू झाला, तो चित्रपटापाशीं थांबला नाहीं. तो कोठें जाऊन पोंचला हें सांगण्यापूर्वीं त्या चित्रपटाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. कारण वाचकभगिनींपैकीं पुष्कळ जणींनीं ‘भुताखेतांचा दिसतो’ असें म्हणून तो सोडून दिला असेल. २०१८ सालीं मींहि तेंच केलें होतें.

‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं प्रथम प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक श्री. राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमीदाबाईची कोठी’ यांचे लेखक कै. अनिल बर्वे यांचे चिरंजीव. कै. नारायण धारप यांची एक कथा मित्राच्या तोंडून ऐकली आणि तेथून ही कल्पना मनांत रुजली, असें त्यांनीं सांगितलें आहे. चित्रीकरण २०१२ सालीं सुरू झालें, तें पुरें होण्यास कित्येक पावसाळे लागले. ‘पावसाळे’ हा शब्द येथें अक्षरशः घ्यावयाचा. कारण कथेंतल्या गांवीं पाऊस कधीं थांबतच नाहीं. श्री. सोहम शाह यांनीं नायकाची भूमिका केली आणि निर्मितीचा भारहि उचलला. व्हेनिस येथील महोत्सवांतील समीक्षक-सप्ताहाचें उद्‌घाटन याच चित्रपटानें झालें. तो मान मिळालेला हा पहिलाच भारतीय चित्रपट. असें असूनहि आपल्याकडे प्रेक्षक बेताचेच आले. पहिल्या खेपेस सारें मिळून उत्पन्न १३-१४ कोटींच्या घरांत राहिलें. हिंदी चित्रपटांच्या बाजारांत ही रक्कम किरकोळच म्हणावयाची. पुढें घरबसल्या पाहणाऱ्यांनीं त्याची कीर्ति तोंडोतोंडीं पसरविली, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजीं तो पुन्हां चित्रपटगृहांत लागला, तेव्हां उत्पन्न ३० कोटींच्या वर गेलें. जुनें नाणें दुसऱ्या वेळीं अधिक भावानें खपावें, असा हा प्रकार.

त्या वेळीं गौरी-गणपतींचें विसर्जन नुकतेंच झालें होतें आणि सणासाठीं आलेली मंडळी अजून घरींच होती. पुतण्यानें सर्वांचीं तिकिटें काढलीं. मामंजी, सासूबाई, भावजी, जाऊबाई, पुतण्या व मी असे सहा जण गेलों. आत्याबाई मात्र ‘चार दिवसांवर पितृपक्ष आला, आणि हें काय भलतेंच!’ असें म्हणून घरींच राहिल्या. त्या राहिल्या तें एका अर्थीं बरेंच झालें, कारण पुढच्या वादांत सर्वांत ठाम मत त्यांचेंच होतें.

कथा अशी आहे. समृद्धीच्या देवीचा हस्तर नांवाचा पहिला पुत्र सोन्याचा व धान्याचा लोभी. सोनें त्यानें बळकावलें. धान्याकडे वळतांच इतर देवांनीं त्याच्यावर हल्ला केला. आईनें त्याला आपल्या गर्भांत दडविलें, तें एका अटीवर: त्याची पूजा कधींच व्हावयाची नाहीं. तुंबाडच्या एका ब्राह्मण घराण्यानें ती अट मोडली, त्याचें देऊळ बांधलें, आणि गांवावर अखंड पावसाचा शाप आला. १९१८ सालीं त्या गांवांतली एक सोवळी विधवा एका सुवर्णमुद्रेच्या आशेनें म्हाताऱ्या सरकारांची सेवा करीत असते. तिचा मुलगा विनायक मोठेपणीं पुण्याहून परत येतो आणि वाड्याखालच्या गर्भांत उतरून हस्तराला कणकेच्या बाहुलीची लांच दाखवितो. हस्तर ती खाण्यांत गुंतला कीं हा त्याच्या लंगोटींतून मुद्रा ओढून काढतो. १९४७ सालापर्यंत तो आपल्या मुलालाहि या विद्येंत तयार करतो. शेवट मी सांगत नाहीं.

घरीं परततांच भावजींनीं आरंभ केला. ते अभियंते, त्यांचें लक्ष ‘हें केलें कसें’ इकडे. थोडक्या पैशांत एवढें दाखवितां येतें, तर कोट्यवधि रुपये ओतून लोक जे राक्षस उभे करतात ते रबरी कां दिसतात, हा त्यांचा प्रश्न. सासवडच्या पुरंदऱ्यांच्या वाड्याचा उपयोग कसा करून घेतला, कंदिलाच्या उजेडांत दृश्यें कशीं रंगविलीं, याचें त्यांना मोठें कौतुक वाटलें. जिच्या अंगांतून झाड उगवलें आहे ती शापित आजी आणि नायकाचा कोंवळा मुलगा पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच बालनटानें केल्या आहेत, हें पुतण्यानें सांगितलें, तेव्हां तर ते उठून उभेच राहिले.

मामंजींचें मत वेगळें. नांव ऐकून ते श्री. ना. पेंडशांचें ‘तुंबाडचे खोत’ पाहावयाला मिळेल या आशेनें गेले होते. खेड तालुक्यांतलें, जगबुडीच्या कांठचें तें गांव पेंडशांनीं मराठी वाचकाच्या मनांत कायमचें वसविलें. चित्रपटाचा त्या कादंबरीशीं नांवापलीकडे संबंध नाहीं. शिवाय कोंकणांतला ब्राह्मण घरांत हिंदी बोलतो, हें त्यांच्या कानांना सोसेना. हा आक्षेप मला मान्य आहे. पोशाख, भांडीं, दारांच्या कड्या इतक्या कसोशीनें जमविल्या, आणि जीभ तेवढी परकी ठेवली! मराठींत असता तर कदाचित् चार प्रेक्षक कमी आले असते. पण आजीचें बोलणें ऐकून अंगावर याहून मोठा कांटा आला असता.

हस्तर कोणत्या पुराणांत आहे, असें सासूबाईंनीं विचारलें. कोणत्याच नाहीं, ही सारी रचना लेखकांची. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या एका जुन्या कथेंत ‘हास्तुर’ नांवाचा मेंढपाळांचा देव आहे, एवढें मात्र मीं वाचलें होतें. पुराणांत नसलेला देव पुराणांतल्यासारखा वाटावा, हें मला तरी यशच वाटतें. जाऊबाईंना त्याचीच भीति वाटली. त्यांचें म्हणणें, आपण मुलांना बागुलबुवा दाखवून निजवितों. यांत आईच मुलांना हस्तराचें नांव घेऊन निजविते, आणि तो बागुलबुवा खरा निघतो. चित्रपट प्रौढांसाठींच आहे असें प्रमाणपत्रावर छापलेलें असतें तें योग्यच आहे. घरांतलीं लहान मुलें नेऊं नयेत, हें माझेंहि मत आहे.

पुतण्यानें २०१८ सालीं तो जवळजवळ रिकाम्या चित्रपटगृहांत पाहिला होता. या खेपेस आमच्या मागें-पुढें सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या, तरुण मुलें संवाद आधींच म्हणत होतीं. तो मात्र म्हणाला, “तेव्हां एकट्यानें पाहिला तेव्हां जास्त खरा वाटला, काकू. आतां लोक हस्तराला पाहून टाळ्या वाजवितात.”

आत्याबाईंनीं एवढा वेळ ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, “ब्राह्मणाचें घर, सोवळ्या बाईची अशी दशा, आणि मुलगा देवाची चोरी करतो! दाखवायला दुसरें घर मिळालें नाहीं का रे?”

यावर जो वाद झाला तो दुसऱ्या दिवशींहि चालू होता. भावजी म्हणत होते कीं लोभाला जात नसते. मामंजी म्हणाले, नसते खरी, पण गोष्ट सांगणारा एक घर निवडतो आणि प्रेक्षक तेंच लक्षांत ठेवतो. मला वाटलें, ज्या काळाची ही कथा आहे त्या काळीं वतन, सावकारी आणि देवस्थान हीं तिन्ही पुष्कळदां एकाच छपराखालीं होतीं. मग तें घर निवडलें यांत अन्याय तो काय? आणि ती सोवळी बाई कोणीं कल्पनेनें उभी केली आहे थोडीच? आमच्या मागच्या पिढ्यांनीं तशा बायका माजघरांत वावरतांना पाहिल्या आहेत.

सासूबाई आतांपर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही सगळे त्या विनायकाबद्दल बोलतां. त्याच्या बायकोबद्दल कोणी बोलत नाहीं.”

खरेंच कोणी बोललें नव्हतें. ही भूमिका श्रीमती अनिता दाते-केळकर यांनीं केली आहे. नवरा गांवाहून येतो तो मुद्रा घेऊन येतो. घर चढत जातें, भांडीं-कपडे वाढतात. ती मात्र आपल्या पिठाच्या गिरणीपाशीं बसलेली असते. “ती खुळी नाहीं,” सासूबाई म्हणाल्या. “तिला सगळें समजतें, पण सोनें कोठून येतें हें ती खोदून विचारीत नाहीं. आणि मींहि नाहीं विचारलें कधीं.”

त्या कशाबद्दल बोलत आहेत हें जाऊबाईंना व मला तात्काळ उमगलें. आमच्या घरीं पुतळ्यांची एक जुनी माळ आहे. नव्या सुनेच्या गळ्यांत लक्ष्मीपूजनाच्या वेळीं ती घालावयाची, अशी तीन पिढ्यांची रीत. माझ्याहि गळ्यांत ती पडली आहे. ती ‘घराण्याची’ आहे, यापलीकडे तिच्याविषयीं कोणी कांहीं सांगत नसे.

मामंजींनीं चष्मा काढून पुसला. म्हणाले, “गहाणाची आहे ती. माझ्या आजोबांची सावकारी होती. दुष्काळाच्या वर्षीं एका कुळानें ठेवली. मुदत भरली, व्याज चढलें, माळ राहिली ती राहिलीच. वडिलांनीं मला मुंजीनंतर सांगितलें होतें. सांगून बजावलें, कीं बायकांत बोलूं नकोस.”

पांच-दहा मिनिटें कोणीच कांहीं बोललें नाहीं. आत्याबाई उठून देवघरांत गेल्या. त्यांच्याहि लग्नांत त्या माळेच्या चार पुतळ्या मोडून बांगड्यांत घातल्या होत्या, हें मला नंतर कळलें.

प्रश्न केवळ बोलण्याचा नव्हता. पुतण्याचें लग्न मार्गशीर्षांत ठरलें होतें. माळ काढावयाची कीं नाहीं? भावजींचें मत, शंभर वर्षांपूर्वींच्या व्यवहारावरून आतां घर डोक्यावर घेऊं नये. कायद्यानें माळ आपलीच. मामंजी म्हणाले, कायदा मला शिकवूं नकोस. त्या कुळाचें नांव त्यांना आठवत होतें, गांवहि आठवत होतें. पण तेथें आज कोण आहे याचा पत्ता कोणालाच नव्हता. आत्याबाईंनीं दसरा झाल्यावर स्वतः चित्रपट पाहिला. घरीं आल्यावर ‘पाऊस मात्र आपल्याकडचाच दाखविला आहे’ एवढेंच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशीं मामंजींनीं त्या गांवच्या तलाठ्याच्या कचेरींत जाऊन जुने उतारे पाहावयाचें ठरविलें, तेव्हां त्याहि बरोबर निघाल्या.

नव्या सूनबाईंना ही हकीकत लग्नापूर्वींच सांगावयाची, हा हट्ट सासूबाईंचा. मुलगी घरीं आली तेव्हां त्यांनीं तिला जवळ बसवून माळेची सगळी गोष्ट सांगितली, कांहींहि न झांकतां, आणि ती घालावी कीं नाहीं हें तूंच ठरव, असें म्हटलें. मुलीनें माळ हातांत घेऊन उलटसुलट करून पाहिली.

“आजी,” ती म्हणाली, “मीं तो चित्रपट अजून पाहिला नाहीं. आधीं पाहतें, मग सांगतें.”