मित्राला किडनी देता येते का?
समजा, राहुरीतल्या एकाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि त्याचा मित्र किडनी द्यायला तयार आहे. चालेल का? हो, पण प्राधिकार समितीच्या पूर्वपरवानगीनेच.

1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. मित्र, मेहुणा, चुलतभाऊ त्यात येत नाहीत. अशा वेळी समिती मुलाखत घेते, जुने फोटो आणि दोघांचं तीन वर्षांचं उत्पन्न तपासते, दात्याच्या घरच्यांशीही बोलते. प्रश्न एकच: हे दान आहे की सौदा?

2022 मध्ये पुण्यात किडनी देणाऱ्या महिलेला रुग्णाची पत्नी म्हणून दाखवल्याचं प्रकरण गाजलं. अवयवाच्या सौद्याला 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी रुपये दंड आहे.

त्यामुळे खोटं नातं दाखवू नका. मैत्री खरी असेल तर तीच सांगा. कायद्यात तिलाही जागा आहे.