विडीच्या खर्चातले शून्य

गेल्या उन्हाळ्यात आमचे काही विद्यार्थी एका वस्तीवर घरखर्चाची पाहणी करीत होते. मीही बरोबर होतो. एका घरी विचारले, "विडीकाडीला महिन्याला किती जातात?" घरधनी म्हणाले, "छे, आम्हांला कसलं आलंय व्यसन!" तोच आतून आवाज आला, "मग दुकानदाराच्या वहीत रोज काय मांडतात?" सगळे हसले. विद्यार्थ्याने मात्र लिहिलेले शून्य खोडले. त्या शून्याविषयीच आज थोडे बोलायचे आहे.

समजा, एका वस्तीत दहा घरे आहेत. सहा घरांत कोणी विडी ओढीत नाही. उरलेल्या चार घरांत महिन्याला ३००, ४००, ५०० आणि ८०० रुपये विडीवर जातात. बेरीज २,०००, म्हणजे सरासरी दर घरी २००. हिशेब चोख आहे. पण दोनशे रुपये खर्च करणारे घर वस्तीत एकही नाही! आठशे रुपये घालवणाऱ्या घराची मिळकत आठ हजार असेल, तर त्याचा दहावा हिस्सा धुरात गेला. मग दुधाला नाही तर मुलांच्या वह्यांना कात्री लागते. सरासरीला ते घर दिसतच नाही.

ही अडचण संख्याशास्त्राला जुनीच आहे. टिकाऊ वस्तूंच्या खरेदीचा अभ्यास करताना पुष्कळ घरांचा खर्च शून्य येतो, त्याचे करायचे काय, याची एक रीत अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी १९५८ साली मांडली. पुढे १९७१ मध्ये जॉन क्रॅग यांनी एका प्रश्नाचे दोन केले. घरात ही वस्तू घेतात का? आणि घेत असतील, तर किती? दोन्हींची उत्तरे वेगळी असू शकतात. कारण शून्यही दोन तऱ्हेचे असते: एकाला विडी नकोच असते, दुसऱ्याला हवी असते पण खिशात पैसे नसतात.

आता आणखी एक पायरी. गरीब घरांत विडी अधिक दिसली, तर कारण गरिबीच का? त्याच घरांत शिक्षण कमी असते, अंगमेहनतीचे कामही अधिक असते. म्हणून मिळकत, शिक्षण, वय, व्यवसाय यांची निरनिराळी नोंद करतात आणि बाकी गोष्टी सारख्या धरून एकेकीचे वजन गणिताने अजमावतात. यालाच प्रतिमान म्हणतात. ते शक्यता सांगते. अमक्या माणसाचे भविष्य सांगत नाही.

याचा उपयोग काय, असं कोणी विचारील. विडी महाग झाली की एक जण ती सोडतो, दुसरा कमी ओढतो, आणि तिसरा विडी तेवढीच ठेवून भाजी कमी आणतो. नुसती सरासरी पाहिली, तर हा तिसरा निसटतो. त्याच्या बायकामुलांची खबर घ्यायची, तर घराघरांतला फरक पाहावाच लागेल.

आणि प्रश्नही नीट विचारावा लागेल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील लोकांपैकी शेकडा ३.८ धूम्रपान करणारे, तर शेकडा २४.४ धूररहित तंबाखू वापरणारे आढळले. म्हणजे 'ओढता का?' एवढेच विचारले, तर तंबाखू मळणारे आणि मिश्री लावणारे हात शून्यातच जमा होतील!

गुरुजनांना एक विनंती. वर्गात सरासरी शिकवाल तेव्हा ही दहा घरांची वस्ती फळ्यावर मांडा. मात्र घरे कल्पनेतलीच ठेवा. मुलाला चारचौघांत बापाची विडी सांगायला लावू नका. सरासरी काढून झाली की एवढंच विचारा, "या आकड्याचं घर वस्तीत कुठं आहे, दाखवा पाहू?" मुले शोधतील आणि सापडणार नाही. तेथून खरा धडा सुरू होईल.