पाकिटावरचं मत, पाण्यावरचं मत

कोणत्याही पक्षाशी बांधील नसलेला मतदार आपल्याकडे बेभरवशाचा समजला जातो. मला तो सर्वांत जबाबदार वाटतो. 2024 मध्ये सांगलीने भाजप आणि शिवसेना (ठाकरे) या दोन्ही पक्षांचे उमेदवार बाजूला ठेवून ‘लिफाफा’ चिन्हावर लढणाऱ्या अपक्ष विशाल पाटलांना खासदार केलं. साताऱ्यात 21 ऑक्टोबर 2019 रोजी लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभेची निवडणूक एकाच दिवशी होती. यंत्रं दोन, लोकसभेची मतपत्रिका पांढरी, विधानसभेची गुलाबी. कौलही दोन निघाले: लोकसभेला राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील जिंकले, तर सातारा विधानसभेला भाजपचे शिवेंद्रसिंहराजे भोसले.

मग अशा मतदाराने मुद्दे तोलायचे कसे? आधी पाहावं, काम कोणाच्या हातातलं आहे. उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) केंद्र ठरवतं, साखर निर्यातीचा निर्णयही दिल्लीतच होतो. तिथे खासदाराला जाब विचारावा. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा योजना राज्याच्या कृष्णा खोरे महामंडळाकडे आहेत. मात्र त्यांना केंद्राच्या सिंचन योजनेतूनही पैसा मिळाला आहे. म्हणून जत-आटपाडीच्या शेतकऱ्याने आमदार आणि खासदार दोघांनाही धरावं. गावातल्या गटाराचा प्रश्न लोकसभेच्या सभेत काढून उपयोग नाही, तो ग्रामपंचायतीचा.

दुसरं, उमेदवाराचं नमुना 26 मधलं शपथपत्र वाचावं. मालमत्ता, कर्जं, प्रलंबित खटले सगळं त्यात असतं आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतं. पुढच्या मतदानाआधी घरात बसून ते एकदा मोठ्याने वाचाच.