होळीचा माळ ते सावर्ड्याचे होल्टे

२०११ साली झोया अख्तरचा ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ आला आणि मित्रांची टोळी जमवून स्पेनमध्ये गाडीने भटकायचं स्वप्न मुंबई-पुण्यातल्या एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात जाऊन बसलं. त्या चित्रपटात टोमॅटोची फेकाफेक आहे, उधळलेले बैल आहेत. आगीचा सण मात्र नाही. तो बघायचा तर मार्चमध्ये वलेन्सिया गाठावं लागतं.

तिथल्या ‘फायास’ उत्सवाचं वेळापत्रक घड्याळाला बांधलेलं. एक मार्चपासून रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात फटाक्यांचा गडगडाट. १५ मार्चच्या रात्री चौकाचौकांत लाकूड, कागद आणि थर्माकोलची प्रचंड शिल्पं उभी राहतात. पुढाऱ्यांची यथेच्छ टर उडवणारी ही शिल्पं १९ तारखेला, सुतारांचा संत जोसेफ याच्या दिवशी, रात्री जाळली जातात, तेव्हा अग्निशमनवाले शेजारच्या इमारतींवर पाणी मारत असतात. लोकांनी मतं देऊन निवडलेली एखादी बाहुली तेवढी आगीतून वाचते. ही माफी १९३४ पासून चालू आहे. थंडी सरताना सुतार आपल्या कामाच्या जागेतलं टाकाऊ लाकूड जाळत, त्यातून हा उत्सव वाढला असं सांगतात. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

व्हिसा आणि विमानाच्या भाड्याचा हिशेब मांडला की असले बेत व्हॉट्सअॅपवरच विझतात. पण त्याच सुमारास, फाल्गुनात, मुंबईहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर महाड-पोलादपूरकडचे चाकरमानी शिमग्याला गावी निघालेले असतात. त्यांच्यातल्या कुणाच्या गाडीत दोन जागा मिळाल्या तर सोडू नयेत.

पनवेल, पेण, माणगाव, लोणेरे आणि मग महाड. हा महामार्ग वर्षानुवर्षं रुंद होतोच आहे, त्यावर नव्याने काय बोलावं! महाडजवळ सावित्रीवरून जाताना मात्र गाडीतल्या गप्पा थांबतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात इथला ब्रिटिशकालीन पूल वाहनांसकट वाहून गेला. नवा पूल पुढचा पावसाळा लागता लागता, २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला.

रायगड किल्ला महाड तालुक्यातच. गडावर नगारखान्यातून बाहेर पडलं की समोर मोकळं मैदान लागतं, तोच होळीचा माळ. आता तिथे महाराजांचा पुतळा आहे, शेजारी शिरकाई देवीचं देऊळ. पेटत्या होळीतून नारळ बाहेर काढणाऱ्याला महाराज सोन्याचं कडं देत, ही कहाणी गडावर हमखास ऐकायला मिळते. ती गोष्ट म्हणूनच ऐकावी. पण राजधानीच्या आराखड्यात बाजारपेठेइतकीच होळीलाही जागा होती, हे त्या माळाच्या नावावरून आजही कळतं.

रात्री घाटाकडे बघताना नवख्यांची एक फसगत ठरलेली. डोंगराच्या अंगावर लाल रेघ सरकताना दिसते आणि गाडीत कुणीतरी ओरडतं, ‘ती बघा होळी!’ ती होळी नसते, वणवा असतो. वाळक्या गवताला कुणीतरी काडी लावलेली असते आणि त्यात रोपवन, पाखरांची घरटी, कधी गुरांचा गोठाही जातो. त्याचं कौतुक करू नये.

शेतातली भाजावळ वेगळी. भाताचं किंवा नाचणीचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तिथे शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या आणि वर माती असे थर रचतात आणि उन्हाळ्यात ते पेटवतात. तणाचं बी जळतं, राख खताला होते. वलेन्सियाच्या सुतारांसारखंच हेही हंगाम संपताना घर आवरणं. फक्त इथे त्या राखेतून पुढचं पीक उगवायचं असतं. त्यावर आक्षेपही आहेत. टाळ, म्हणजे झाडांच्या फांद्या, काढून काढून डोंगर बोडके होतात, असं शेतीची जाणकार मंडळी कित्येक वर्षं सांगत आली आहेत.

शिमगा सुरू होतो फाल्गुन शुद्ध पंचमीला. रोज एक लहान होळी, पोरांची बोंबाबोंब आणि मग मोठा होम. तो कधी, हे विचारायला गेलं की पाहुण्याची पंचाईत होते. कोकणात काही गावांचा शिमगा तेरसाचा, म्हणजे त्रयोदशीचा, तर काहींचा भद्रेचा, म्हणजे पौर्णिमेचा. होमाला आंबा की सावर, ते झाड कुणाच्या रानातून आणायचं, पहिला नारळ कुणाचा, पालखी आधी कुठल्या वाडीत जायची, हे सगळं मानकऱ्यांच्या आणि गुरवाच्या डोक्यात. छापील पत्रिका असली तरी ती मुख्यतः मुंबई मंडळाच्या सोयीसाठी. म्हणूनच वलेन्सियाला तिकीट काढून जाता येतं; इथे कुणाचा तरी पाहुणा होऊनच जावं लागतं. नुसता कॅमेरा घेऊन आलेल्याला धूर दिसतो, बाकी फारसं काही हाती लागत नाही.

या मानपानाला गोंडस समजायचं मात्र कारण नाही. पालखीला खांदा कुणी द्यायचा यावरून भावकी-भावकीत वाद पेटतात, प्रकरण तहसीलदार आणि पोलिसांपर्यंत जातं, आणि मग एखाद्या वर्षी पालखी देवळातच राहते. मुळात मान कुणाला आणि मनाई कुणाला, हा प्रश्न महाडइतका थेट दुसरीकडे कुठे विचारला गेला असेल? २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. पंचांग मागे नेऊन पाहिलं तर त्या वर्षीची फाल्गुन पौर्णिमा १८ मार्चच्या आसपास येते, म्हणजे गावोगावच्या होळीची राख तेव्हा जेमतेम निवली असेल. त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या रात्री महाडलाच मनुस्मृतीचं जाहीर दहन झालं, आणि त्यात ब्राह्मण कुळात जन्मलेले गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे पुढे होते. महाडच्या आगीवर लिहिताना ही आग वगळून चालणार नाही.

पोलादपूरला वाट फुटते. डावीकडे आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. सरळ गेलं तर कशेडी. पूर्वी घाटाच्या वळणांवर गाडीतल्या निम्म्यांची पोटं ढवळायची, आता सुमारे दोन किलोमीटरचे बोगदे झाले आहेत. पलीकडे खेड, चिपळूण आणि मग सावर्डे. धगीची हौस असणाऱ्यांनी तिथवर जावं. सावर्ड्याच्या शिमग्यात होल्टे खेळतात, म्हणजे समोरासमोर उभे राहून पेटती लाकडं एकमेकांवर फेकतात. ठिणग्यांचे फवारे उडतात, ढोल चढत जातो. तिकडे स्पेनमध्येच सोरिया प्रांतातल्या सान पेद्रो मान्रिके गावात २३ जूनच्या रात्री पाठीवर माणूस घेऊन निखाऱ्यांवरून चालतात. त्याचे व्हिडिओ पाहून हरखलेल्यांनी होल्टे एकदा बघावेतच. बघावेत, खेळू नयेत. तो गावकऱ्यांचा हक्क आहे आणि सरावही त्यांचाच. सुती कपडे घालावेत, कृत्रिम धाग्याचा शर्ट ठिणगीने अंगाला चिकटतो. गाडीही दूर लावावी.

२०२७ चं कॅलेंडर आत्ताच बघून ठेवण्यासारखं आहे. १९ मार्चला वलेन्सियात शिल्पं जळतील, २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतील आणि २२ मार्चला फाल्गुन पौर्णिमा आहे. एरवीही २० मार्चला महाडात भीमसैनिकांचा सागर लोटतो. त्या वर्षी लॉजवर खोली मिळणं अवघडच. मुक्काम पोलादपूरकडच्या ओळखीच्या घरी आधीच ठरवावा. पुण्याहून येणाऱ्यांनी वरंध घाट चालू आहे का याची चौकशी करूनच निघावं, नाहीतर ताम्हिणीने माणगावला उतरावं.