हृदयरुग्णाने रोजा धरावा का?

रमजानचा चांद जवळ आला की चिमूरसारख्या तालुक्याच्या गावी डॉक्टरांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, "साहेब, यंदा रोजे धरू का?" विचारणाऱ्याच्या हाती जुनी ईसीजीची पट्टी असते, पिशवीत गोळ्यांची पाकिटे असतात आणि मनात धास्ती असते. धास्ती मरणाची नसते, रोजा सुटण्याची असते. पहाटे सहरीनंतर सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, मग दुपारची गोळी कशी घ्यायची?

हा प्रश्न वैद्यकशास्त्रानेही मनावर घेतला आहे. आखाती देशांतल्या बाह्यरुग्ण विभागांत 465 हृदयरुग्णांवर केलेला एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे 91 टक्के रुग्णांना रोजे धरता आले आणि त्रास वाढल्याचे सांगणारे सात टक्क्यांहून कमी निघाले. कतारमध्ये 1991 ते 2001 या दहा वर्षांतल्या नोंदी तपासल्या गेल्या. हृदय कमकुवत झाल्यामुळे दाखल झालेले रुग्ण रमजानच्या आधीच्या महिन्यात 182, रमजानमध्ये 208 आणि नंतरच्या महिन्यात 198 होते. हा फरक संशोधकांना संख्याशास्त्राच्या कसोटीवर महत्त्वाचा वाटला नाही.

हे आकडे दिलासा देतात, पण ते नीट वाचायला हवेत. पहिल्या अभ्यासातले लोक चालत-फिरत दवाखान्यात येणारे, औषधे चालू असलेले, प्रकृती स्थिर असलेले होते. कतारच्या नोंदींत तर दाखल झालेल्यांपैकी रोजा कोणी धरला होता, हे कळत नाही. आखातात रोजेदार दुपारी थंड खोलीत बसू शकतो. चिमूर तालुक्यातला मजूर उन्हात धुऱ्यावर, विटांच्या भट्टीवर किंवा जंगलात असतो. घामावाटे पाणी गेले की रक्तदाब उतरतो, आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तो आणखी खाली येतो. म्हणून एकाच आजाराचे दोन रुग्ण एका सल्ल्याचे धनी होत नाहीत.

सर्वांत जास्त जपायचे ते मधुमेह असलेल्या हृदयरुग्णांना. 2001 मध्ये 13 देशांतल्या बारा हजारांवर मधुमेहींची पाहणी झाली. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात रमजानमध्ये साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे साडेसात पट आढळले. त्यातच मधुमेहीला हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीत न दुखताही येतो. नुसता घाम, धाप किंवा मळमळ होते, आणि घरचे म्हणतात, रोजा लागला असेल.

चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी एक गट आहे, सिकलसेलच्या रुग्णांचा. शरीरातले पाणी कमी झाले की त्यांच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. निर्जळ उपवास त्यांना महाग पडू शकतो, मग तो रोजा असो की निर्जळा एकादशी.

गोळ्या परस्पर बंद करणे सर्वांत वाईट. शेजारच्या गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने 2011 ते 2013 या काळात 86 गावांतल्या मृत्यूंचा मागोवा घेतला. 1,599 मृत्यूंपैकी 229 पक्षाघाताने झाले होते. तिथल्या मृत्यूंचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. पक्षाघाताचे मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून गोळी सुटली तरी जाणवत नाही.

उपाय अवघड नाही, पण तो महिनाभर आधी करावा लागतो. रक्तदाबाच्या अनेक गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या मिळतात. दोन वेळांच्या गोळ्या सहरी आणि इफ्तारला बसवता येतात. ज्यांना दिवसातून तीनदा औषध लागते, ज्यांना नुकताच झटका आला आहे, ज्यांचे हृदय फारच कमजोर आहे किंवा ज्यांची धाप अजून आटोक्यात नाही, त्यांनी रोजा धरू नये, असेच बहुतेक तज्ज्ञ सांगतात. इफ्तारलाही एकदम पोट भरून भजी, पापड, लोणचे खाणे टाळावे. भरपेट जेवणानंतर हृदयावर ताण येतो, आणि मिठाने शरीरात पाणी साचते. खजूर आणि पाणी घ्यावे, थोडे थांबावे, मग साधे जेवण करावे.

धर्मानेही दार उघडेच ठेवले आहे. कुरआनातील सूरह बकरह आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत देते. बरे झाल्यावर तितके रोजे भरून काढता येतात, त्याला कजा म्हणतात. ज्याचा आजार बरा होण्यासारखा नाही, त्याने दर रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावे, ते झाले फिदया. सवलत घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या घरांतही हाच हिशेब लागू पडतो.

रोजात असताना छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम किंवा धाप जाणवली, तर मगरिबची वाट पाहू नये. रोजा तिथेच सोडावा, डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी घ्यावी आणि 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. सुटलेला रोजा पुढे भरून काढता येतो.